सातवं नकारपत्र

लाडक्या सॉल्वी,

बारावीत तुझ्या शाळेच्या समुपदेशक मिसेस हॉकिन्सन मला म्हणाल्या होत्या, "तिला आठ कॉलेजांना अर्ज करू द्या, मे महिन्यापर्यंत ठरवू नका." मी म्हटलं, "असली धरसोड आमच्या घरात चालत नाही!" आणि नोव्हेंबरातच बोस्टनच्या बड्या कॉलेजचा बांधील अर्ज तुझ्यापुढे सरकवला. प्रवेश मिळाला तर तिथे जायचंच.

तू विचारलंस, "बाबा, आणि नंतर नकोसं वाटलं तर?"

"वाटतंय कशाला!" म्हणत मी पालकाच्या जागी सही ठोकली.

प्रवेश मिळाला. बाईंच्या सल्ल्याने तू आणखी सात कॉलेजांनाही अर्ज केले होतेस; नियमाप्रमाणे त्या सातही जणांना आता नकार कळवायचा होता. सहा पत्रं तू पटापट लिहिलीस. सातवं, सरोवराकाठच्या वनशास्त्राच्या कॉलेजचं, लिहायला अख्खी दुपार घेतलीस. मी पाहत होतो.

आता बोस्टनहून फोनवर "सगळं ठीक आहे, बाबा" एवढंच म्हणतेस.

त्या सातव्या पत्राला वनशास्त्राच्या कॉलेजचं उत्तर घरी आलं होतं, सॉल्वी. मन बदललं तर दोन वर्षं तुझी जागा राखून ठेवू, असं लिहिलं होतं. मी ते माझ्या मासेमारीच्या पेटीत तळाशी दडवलं. हे पत्रही तिथेच जाईल.

त्यांची मुदत काल संपली. म्हणून तर आज लिहायला धजावलो.

तुझा,
बाबा