दारात सांगितलेला पाऊस

डब्लिन, ओहायो
फेब्रुवारी २००६

ती. मालिनीमावशीस,

निलूचा बर्फावरून घसरत आलेला साष्टांग नमस्कार (घसरल्यावर साष्टांग आपोआपच होतो). तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला, की अजून त्यांना सोडवत नाही? आम्ही मजेत. राजस ऑफिसला जातो आणि मी खिडकीशी बसून बर्फ बघते. इथला बर्फ आवाज न करता पडतो. त्यामुळे दुपारी डोळा लागतो, आणि जाग आल्यावर आपण ओहायोत आहोत की बार्शीला तुझ्या गच्चीवर, हे चहा पोटात गेल्याशिवाय कळत नाही.

पण तुझी भाची आता रिकामटेकडी नाही बरं! नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना इथे पगार घ्यायची बंदी आहे, फुकट राबायची नाही. म्हणून मी एका छोट्या रेडिओ केंद्राची बिनपगारी बातमीदार झालेय. विषय, आफ्रिकेतलं बदलतं हवामान. (हसू नकोस. मी आफ्रिका फक्त विमानातल्या नकाशावर पाहिलीय, तीही अर्धवट झोपेत.) पण शेजारच्या कोलंबसमध्ये सोमालियातून आलेली पुष्कळ माणसं राहतात. त्यांच्या देशात सध्या भयंकर दुष्काळ पडलाय, आणि तिथलं आभाळ ही माणसं डोक्यात घेऊन आलीत. ते त्यांच्याच तोंडून ऐकवायचं, ही कल्पना माझी. केंद्राच्या केटबाईंनी मार्चअखेरची मुदत दिलीय. नाही जमलं तर माझी वेळ गाडीच्या टायरची निगा सांगणाऱ्या एका गृहस्थांना जाणार. मावशी, या देशात माझं म्हणावं असं एवढंच आहे गं. ते टायरवाल्याच्या हवाली करायचं माझ्या जीवावर आलंय.

तर गेल्या आठवड्यात मी फादुमोआजींकडे गेले. आजी जन्मभर उंट-शेळ्यांमागे फिरलेल्या. आता लेकीकडे, सफियाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि खिडकीतून पार्किंगवर नजर ठेवतात. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तुझ्या कुरडयांचा तळाशी उरलेला चुरा-तुकडा तळून डब्यातून नेला. केंद्राचा रेकॉर्डर सोफ्यावर मांडला, लाल दिवा लागला, आणि आजी शाळा तपासनीस आल्यासारख्या ताठ बसल्या. दुष्काळ आहे का? आहे. पूर्वी पडायचा का? पडायचा. मग आता वेगळं काय? अल्लाची मर्जी. सफिया भाषांतर करायला सरसावून बसलेली, पण भाषांतर करण्याजोगं काही येईच ना. शेवटी मी वायर गुंडाळली, रेकॉर्डर पिशवीत कोंबला आणि ‘येते हं’ म्हणून उठले.

आणि आता तुझ्या भाचीची अक्कल बघ. जन्म गेला तुम्हा बहिणींचं बघण्यात. घरात तासभर ‘बाकी काय विशेष’ चालायचं, आणि आई चपला घालून उंबऱ्यात उभी राहिली की खरी गोष्ट निघायची! तरी मी रेकॉर्डर बंद करून दाराकडे गेले. एक बूट चढवला, तोच आजी रिकामा डबा घेऊन आल्या (रिकामा नाही, खजूर भरलेला. म्हणजे तिकडेही तीच रीत) आणि विचारू लागल्या, हे कुरकुरीत कसं वाळवता? मग मी एका बुटावर उभी राहून तुझ्याबद्दल सांगितलं. तू पहाटे गच्चीवर जाऊन आभाळ बघतेस, आणि तू ‘आज घाला’ म्हटल्याशिवाय गल्लीत कुणी चीक शिजवत नाही. आजींनी विचारलं, त्यांचं आभाळ अजून चुकत नाही? छे, मी म्हटलं.

आजी दाराला टेकल्या आणि बोलायला लागल्या. त्यांच्याकडे पाऊस कुठे पडलाय ते बघायला माणूस पाठवत, आपल्याकडे मुलगी बघायला पाठवतात तसा. आजींचा भाऊ त्यात पटाईत. कोसांवरचा पाऊस त्याला वासावरून समजायचा, आणि तो येऊन सांगे तिकडे सगळा तांडा चालू लागायचा. पुढे ज्या बाभळींखाली त्याची वाट बघायची, त्या बाभळीच लोकांनी तोडून, कोळसा करून विकल्या. ढग यायचे, पण नुसतेच. शेवटच्या वेळी भाऊ परत आला, उंटाचा दोर खाली ठेवला, आणि काही बोललाच नाही. खाली पार्किंगवर बर्फ पडत होता, आणि मला क्षणभर वाटलं, आम्ही तिघी त्या भावाचीच वाट बघत उभ्या आहोत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रेकॉर्डर पिशवीत झोपला होता.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
निलू

ता.क. आता खरं काम. आजी पुन्हा रेकॉर्डरसमोर बसायला तयार आहेत, पण माझ्याशी नाही, तुझ्याशी बोलणार म्हणतात! मार्चच्या दुसऱ्या रविवारी, तुझ्या दिवेलागणीला फोन करीन. तू मराठीत बोल, त्या सोमालीत बोलतील. मी आणि सफिया मध्ये हमाली करू. नाही म्हणू नकोस, नाहीतर टायर.

ता.क. पुन्हा. आईनं मला सांगितलंय. गेल्या चैत्रात अवकाळी पावसानं तुझं अख्ख्या गच्चीवरचं वाळवण नेलं, आणि तेव्हापासून तू कुणाला ‘आज घाला’ म्हणत नाहीस. पहाटे गच्चीवरही जात नाहीस म्हणे. (मला ठाऊक आहे हे तुला कळू नये, म्हणून वर सगळं तसं लिहिलं.) आजींपुढे तुझं आभाळ चुकत नाही असं मी सांगून बसले, कारण तू चुकलीस असं परक्या दारात म्हणवेना. पण मावशी, फोनवर तू माझी लाज राखू नकोस. त्यांना खरं काय ते सांग.