कानातलं बेरिंग

२ नोव्हेंबर २००६, सकाळी ७
आजपासून नोंद ठेवणार. कापसाच्या जिनिंग मिलमधलं, आमच्या जिनातलं, कोरं लॉगबुक सापडलं. कापूस यायचा थांबला, जिनिंग बंद पडलं, त्या दिवशी घरी आणलं होतं. चोरलं नाही. कोणी विचारलंच नाही.
विषय : उजव्या कानात शिट्टी. वर्ष झालं. बारीक, अखंड, कोरड्या बेरिंगसारखी.
मी तीस वर्षं फिटर होतो. चोवीस मशीनं धडधडत असताना स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, अकरा नंबरचं बेरिंग गेलं. कधी चुकलो नाही. एकदा चुकलो, पण तेव्हा सर्दी होती. स्वतःचा कान म्हणजे किरकोळ काम.
टार्गेट : पंधरा दिवस.

३ नोव्हेंबर
संशय विजेच्या डीपीवर. गल्लीच्या तोंडाशी आहे, अगदी याच सुरात गुणगुणते. तिच्याखाली वीस मिनिटं उभा राहिलो. लेखी तक्रार दिली.

४ नोव्हेंबर, दुपारी
लोडशेडिंग. अकोल्याचं अख्खं जुनं शहर बंद. शिट्टी चालू.
म्हणजे डीपीचा दोष नाही. किंवा आतून थोडा करंट सोडत असतील. तक्रार मागे घेतली नाही.

६ नोव्हेंबर
इथल्या डॉक्टरांनी थेंब दिले. म्हणाले, या वयात होतं. मी म्हटलं, आमच्यात मशीनला या वयात होतं असं म्हणत नाहीत, उघडून बघतात. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.
शेजारचे नियाजभाई गाद्यांचा कापूस पिंजतात. त्यांनी लसणाचं कोमट तेल सांगितलं, दोन थेंब. बेरिंगला तेल, तत्त्व पटलं. प्रमाण मात्र फिटरच्या हिशोबाने घेतलं.
संध्याकाळी : आता शिट्टी तेलाखालून येते.

७ नोव्हेंबर
चूक सापडली. पद्धतच चुकत होती. जिनात दोष हाती लागत नसला की आम्ही एकेक मशीन बंद करायचो. सगळं थांबल्यावर जे वाजत राहील, दोष तिथे. घरातही तेच करायचं.
१) घड्याळ बंद. २) रेडिओ बंद. बायकोला, पार्बताला, सकाळची भजनं लागतात, पण सवयी मोडतात. ३) पंखा बंद. ४) गळका नळ, वायसर बदलला. पार्बता म्हणाली, तीन वर्सं झाले सांगून राहिली मी त्या नळाचं, तवा तुमाले ऐकू नाई आलं. मुद्दा वेगळा आहे.

८ नोव्हेंबर
५) पिंजायचं मशीन. नियाजभाई अकरा ते बारा बंद ठेवायला लगेच तयार झाले. म्हणाले, उत्तमभाऊ, दिवसभर बंद ठेवतो न, यंदा गादी भरवून राह्यलं कोन, लोकं जुन्यावरच झोपून राह्यले.

९ नोव्हेंबर
सगळं बंद. एकच आवाज उरला. पार्बता.
ही दिवसभर बोलते. डाळीशी, मांजराशी, भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोशी. तिला सांगितलं, सात दिवस बोलू नको, टेस्टिंग चालू आहे. ती म्हणाली, मी का मशीन हाओ काय. मी म्हटलं, सात दिवस तसं समज.
६) पार्बता बंद. वेळ १०.४०.

१० नोव्हेंबर
खुणांनी काम चालतं. मात्र खुणा करताना तिच्या बांगड्या वाजतात. बांगड्यांचा विषय काढला. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. विषय तूर्त स्थगित.

१२ नोव्हेंबर
पार्बता अमरावतीला लेकीकडे गेली. मीच पाठवलं असं म्हणायला हरकत नाही. स्टँडवर पोचवलं. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईशी तिचं लगेच सुरू झालं, खाली उभं राहून ऐकू येत होतं. बस हलली तेव्हा मला हात केला, बोलली नाही. शिस्त आली आहे.

१३ नोव्हेंबर
आदर्श परिस्थिती. घरात काहीही वाजत नाही. शिट्टी वाढली. लक्षण चांगलं आहे, दोष उघडा पडतोय.

१६ नोव्हेंबर
शिट्टीच्या खाली दुसरी शिट्टी लागली आहे. मांजर नियाजभाईंकडे राहायला गेलं.
मला करमत नाही असं नाही.

१८ नोव्हेंबर
टार्गेटला एक दिवस जास्त झाला. नवीन टार्गेट : संक्रांत.
नियाजभाईंच्या मशीनचा पट्टा बघायला गेलो. मशीन चालू, त्यांच्या बायकोने, बिस्मिल्लाबींनी, चहा दिला, भाऊ, दुबळे झाले तुमी म्हणाल्या. अर्धा तास शिट्टी नव्हती. घाईने निष्कर्ष काढायचा नाही.

२० नोव्हेंबर
पट्टा अजून बघावा लागेल. सलग तिसरा दिवस. नियाजभाई म्हणाले, पट्टा चांगला हाये, तुमी बसा ना पन.

२२ नोव्हेंबर, अमरावती, सकाळी ११
कानाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, मशीनच्या आवाजाने कानातली नस गेली. हा पार्ट बदलून मिळत नाही. शिट्टी राहणार. पण शांततेत बसू नका, शांततेत ती वाढते. पंखा, रेडिओ, काहीतरी चालू ठेवा. बोलणारं माणूस असेल तर सगळ्यात छान. घरी कोण कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, सगळे आहेत.
लेकीचं घर इथून ऑटोने दहा मिनिटं. वाक्य तयार आहे : चल घरी, टेस्टिंग संपलं.

२२ नोव्हेंबर, बसमध्ये, अक्षर हलतंय
लेकीच्या जिन्यातच पार्बताचा आवाज आला. नात खुशीला काहीतरी रंगवून सांगत होती. टीव्ही चालू, मिक्सर चालू, तिघी एकदम बोलत होत्या. शिट्टी कुठेच नव्हती. मी जिन्यात बराच वेळ उभा राहिलो.
मग दार ढकललं. पार्बताने मला पाहिलं आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. ओठांवर बोट ठेवून खुशीला हळूच म्हणाली, आबाजीचा कान दुखते, गप राय. लेकीने टीव्ही बंद केला, मिक्सर बंद केला. तो घर्र करून थांबला.
पार्बताने चहा आणला. एका हाताने कप धरला होता, दुसऱ्या हाताने त्या हातातल्या बांगड्या, वाजू नयेत म्हणून.
जेवलात का, तिने खुणेने विचारलं. मी मान हलवली. जेवलो नव्हतो.
वाक्य तयार होतं. पण माझ्यासाठी सगळ्यांनी इतकं मनापासून गप्प बसल्यावर तोंड उघडवेना. तासभर बसलो. शिट्टी जोरात होती. खुशी चवड्यांवर चालत होती. पार्बताने दारापर्यंत सोडलं. मी जिना उतरलो तसा वर मिक्सर पुन्हा सुरू झाला.
मला ती घरी हवी आहे. हे आज खुणेनेसुद्धा सांगता आलं नाही.
पुढच्या सीटवर एक बाई शेजारणीला जावेबद्दल सांगते आहे. बडनेऱ्यापासून थांबलेली नाही. शिट्टी नाही.

मूर्तिजापूरला ती उतरली. अकोला अजून तासभर आहे.