कोणाच्या खुणा

४ मार्च, मंगळवार

क्रॉसमॅच फेल. माझी किडनी हिला चालणार नाही.

रक्तगट जुळला, माझं हृदय, साखर, दाब, सगळं ठणठणीत निघालं — आणि शेवटच्या परीक्षेत नापास. डॉक्टरांनी समजावलं. माझ्या रक्तातल्या पेशी घेतल्या, त्यात हिच्या रक्तातलं पाणी घातलं, तर हिच्या अँटिबॉडी माझ्या पेशींवर तुटून पडल्या. म्हणजे हिचं शरीर माझ्या पेशींना आधीपासून ओळखतं, आणि शत्रू म्हणून ओळखतं. एकवीस वर्षं संसार झाल्यावर यात नवल काय, असं मी म्हणालो. डॉक्टर हसले. ही हसली नाही.

परक्याच्या पेशी आधी कधी अंगात आल्या असतील तरच असं होतं, म्हणून त्यांनी हिला विचारलं. पूर्वी कधी रक्त चढवलंय? नाही. कुणाचा अवयव बसवलाय? नाही. दिवस गेले होते कधी? आम्हाला मूल नाही हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय, तरी विचारलं.

ही 'नाही' म्हणाली. पण लगेच नाही. आधी पिशवीची चेन ओढून बंद केली. ती बंदच होती.

कारखान्याच्या गेटवर सुरक्षा बघण्यात माझा जन्म गेला. पिशवीशी चाळा करणारा माणूस मला लांबून कळतो.

डॉक्टर म्हणाले, दुसरा दाता बघा, पण फार थांबू नका. डायलिसिससाठी हाताची जी शीर तयार केलीय ती दोनदा बंद पडलीय. आता तिसऱ्यांदा पडली तर कठीण.

५ मार्च

डोक्यात दुसरं काही नाही. 'दिवस गेले होते?' — चेन — 'नाही.'

७ मार्च, शुक्रवार

ही वर मशीनवर. मी खाली तपासणीच्या लॅबमध्ये गेलो. तिथली बाई चांगली आहे. जाड चष्मा, पुढ्यात गार झालेला चहा. म्हटलं, जरा समजावून सांगा, म्हणजे काळजी कशी घ्यायची ते कळेल. खोटंच.

बाई म्हणाली, "हल्ला करते ती टी-पेशी. पण तिला समोरचा परका सरळ दिसतच नाही हो. दुसरी एक पेशी असते, पहारेकरी म्हणा. ती परक्याचं काही सापडलं की गिळते, त्याचे बारीक तुकडे करते, त्यातला एक आपल्या अंगावर बाहेरून लावते, आणि काखेतल्या-मानेतल्या गाठीत जाऊन टी-पेशीपुढे उभी राहते. बघ, हे मिळालं. टी-पेशीला खटकलं की ती बाकीच्यांना उठवते. अँटिबॉडी करणाऱ्यांनाही तीच कामाला लावते."

म्हणजे माझीच नोकरी. पोरं झडती घेतात, सापडलेली वस्तू माझ्या टेबलावर आणून ठेवतात. चोर मी क्वचितच बघतो. मी वस्तू बघतो.

"आणि नुसता तुकडा दाखवून भागत नाही," बाई म्हणाली. "धोका आहे, अशी खूणही दाखवणारीनं करावी लागते. ती नाही केली तर टी-पेशी थंड पडते."

नवी किडनी बसवल्यावर काय होतं ते विचारलं. म्हणाली, तेव्हा दोन्हीकडून होतं. देणाऱ्याच्या पहारेकरी पेशी किडनीबरोबर आत येतात आणि स्वतःच आपलं तोंड दाखवून मोकळ्या होतात. पुढे घरच्या पेशी तुकडे गोळा करायला लागतात. काही तर परक्याचा बिल्ला अख्खा उचलून आपल्याच छातीवर लावून हिंडतात. म्हणून जन्मभर गोळ्या.

"एकदा ओळख पटली की किती वर्षं राहते?"

"शरीर सहसा विसरत नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "पेशंटचं मी काही सांगणार नाही हं."

"मी कुठं विचारलं?"

"अजून नाही विचारलंत."

हुशार बाई. गेटवर ठेवावी अशी.

११ मार्च, मंगळवार

धाकटा भाऊ आला. सोफ्यांचं दुकान तसंच उघडं टाकून आला, शर्टाला दोरे चिकटलेले. बसायच्या आधीच म्हणाला, "वहिनीला मी देतो. माझं तपासा."

हिचे डोळे भरले. म्हणाली, "भावजी, तुमच्या घरी विचारलंत का?" तो म्हणाला, विचारलं. सगळं ठरवूनच आलेला.

सख्खा भाऊ. अभिमान वाटायला हवा. वाटलाही, चहा होईपर्यंत.

मग हिशेब डोक्यात बसला. हिच्या शरीराला राग आहे तो माझ्या पेशींवरच्या खुणांचा. माझ्यापासून हिला कधी दिवस गेले नाहीत, गेले असते तर मला कळलं नसतं का? मग माझ्यासारख्या खुणा आणखी कोणाच्या अंगात असणार? डॉक्टर तर म्हणाले होते, सख्ख्या भावंडांच्या खुणा पुष्कळदा निम्म्या तरी जुळतात.

एवढी माया एकाएकी? माणूस जुनी छत्री देताना दोनदा विचार करतो.

हे लिहिताना लाज वाटतेय. पण पाणी कुठंतरी मुरतंय.

१२ मार्च

मेहुणीचा फोन, हिची थोरली बहीण. धाकट्याचं कळल्यावर त्याचं कौतुक सुरू. "गुणाचा आहे हो. तुम्ही त्या दुसऱ्या कारखान्यात होतात ना, आठवड्याला घरी यायचात, तेव्हा ही एवढी आजारी पडली, तर त्यानंच आमच्याकडे आणून घातली. आठवडाभर अंथरुणात होती."

मला हे माहीतच नव्हतं. काय झालं होतं, असं विचारलं.

मेहुणी घाईनं म्हणाली, "जाऊ द्या, जुनं आहे. अशक्तपणा होता." आणि भांडी घासायची राहिलीत म्हणून फोन ठेवला. दुपारी चार वाजता कसली भांडी?

१५ मार्च, शनिवार

धाकट्याचं रक्त घेतलं. मी समोरच्या बाकावर बसून दोघांकडे बघत होतो. त्याला सुईची भीती. हिनं त्याला काहीतरी बोलून हसवलं. ही कितीतरी दिवसांनी हसली. मला बरं वाटायला हवं होतं.

१८ मार्च, मंगळवार

विचारून टाकलं. हॉस्पिटलच्या जिन्यापाशी तो भेटला, फळं घेऊन आलेला. म्हटलं, "वहिनीसाठी इतकी घाई का रे तुला?"

आधी त्याला कळलंच नाही. "शीर बंद पडली तर काय, दादा?"

"ती आजारी असताना तू तिला मेहुणीकडे नेलंस. मला का नाही सांगितलंस?"

तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, सापडला! गेटवर असाच चेहरा पडतो. म्हणाला, "तिनं शपथ घातली होती."

"कशाची शपथ? कोणाचं होतं ते?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पिशवी पायरीवर ठेवली आणि निघाला. मी मागून ओरडलो, तुझी गरज नाही, आमचं आम्ही बघू. वळलासुद्धा नाही. फळं मी वर नेली. कोणी दिली असं हिनं विचारलं, तर मी आणली म्हणालो.

१९ मार्च

धाकटा फोन उचलत नाही. हिनं विचारलं, भावजी आले नाहीत? म्हटलं, कामात असेल. हिची शीर आज पुन्हा अडली होती. कशीबशी चालू केली. नर्सचं तोंड बघवत नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

लॅबमधून बोलावणं. धाकट्याचं जुळलं! बाई खूश. म्हणाली, तुमच्या बायकोच्या अँटिबॉडी त्याच्या पेशींकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मला उलगडेना. म्हटलं, "पण आमच्या खुणा सारख्या ना?"

"निम्म्या. प्रत्येकाला दोन संच मिळतात, आईकडून एक, बापाकडून एक. तुमचा एक संच दोघांचा सारखा आहे, दुसरा वेगळा. यांचा सगळा राग तुमच्या त्या दुसऱ्या संचावर. तो भावाकडे नाहीच. म्हणून तर जुळलं."

म्हणजे धाकटा नव्हता. त्याचं असतं, तर राग त्याच्या खुणांवर असता.

"रक्त चढवून असं होतं का?"

"त्यानं होतं ते बहुतेक इकडचंतिकडचं. एकाच माणसाचा निम्मा संच, आणि तोही पुरा..." बाईनं चहाचा कप उगाच सरकवला. "बापाचा निम्मा संच मुलाला मिळतो, हे शाळेतलं झालं. पुढचं घरी बोला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या खुणांचा माणूस सगळीकडे शोधला, आणि तो मीच होतो. दुसरं कोणी नव्हतंच कधी. मला मूल होणार होतं. थोडे दिवस का होईना, ते होतं. हिच्या अंगानं माझी एकेक खूण लक्षात ठेवली, आणि मी इथं बसून चोर पकडतोय.

त्याच जिन्यावर बसून रडलो. लोक बाजूनं जात होते. हॉस्पिटलात रडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, तेवढं बरं.

आणि तिकडे धाकट्याला मी हाकलून दिलंय.

२४ मार्च, सोमवार

धाकट्याच्या दुकानात गेलो. तो एका खुर्चीला कापड ताणून खिळे मारत होता. तोंडात खिळे, म्हणून बोलावं लागत नव्हतं त्याला. मी म्हटलं, चुकलं माझं. तो मारत राहिला. म्हटलं, तुझं जुळलंय, तूच एक आहेस, ती मरेल रे.

शेवटी खिळे तळहातावर काढले. "मी तेव्हाच म्हटलं होतं वहिनीला, दादाला सांग. तिसऱ्या महिन्यात गेलं ते. गाडीत माझ्या शेजारी बसून रडत होती. म्हणाली, त्यांना सांगायला नको."

"का नको?"

"ते तिला विचार." मग पुन्हा हातोडी उचलली. "तारीख ठरली की कळव. तू नको फोन करूस, वहिनीला करायला सांग."

त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही. दारातल्या फोमच्या ढिगाला अडखळून बाहेर आलो.

२६ मार्च

पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. हिनंच हॉस्पिटलातून धाकट्याला फोन करून कळवली, पुष्कळ बोलत होती त्याच्याशी. ही घरी आल्यावर विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस मला?

पडल्यापडल्या छताकडे बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारला असता?"

म्हटलं, काहीच विचारलं नसतं.

"भावजींना तर विचारलंत," ती म्हणाली, आणि कूस बदलली.