रविवार वगळून

१३ जानेवारी १९९२, सोमवार

नव्या वर्षाची रोजनिशी तेरा दिवस उशिरा सुरू. कारण कामाचा ताण.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. चहा दोनदाच. आणि कारखान्याच्या रजेचा स्क्रीन असा बनवणे, की भिलाईजवळच्या रसमड्यातल्या बाकी कारखान्यांचे लोक बघायला येतील.

साहेबांनी महिनाभराची मुदत दिली. म्हणाले, साधं ठेवा देवराव. नाव, तिकीट नंबर, तारीख टाइप करायची, झालं. साधं! माणसाला तारीख टाइप करायला लावणं म्हणजे त्याचा अपमान. मी पडद्यावर अख्खं कॅलेंडर उघडणार. बाण दाबत तारखेवर जायचं, एंटर मारायचा. मॅन्युअलमध्ये अशा वस्तूला विजेट म्हणतात. तयार मिळत नाही, आपलं आपण घडवावं लागतं. साहेब सीनियर आहेत, पण घडवण्यातलं त्यांना कळत नाही. पाच दिवस पुरे.

१७ जानेवारी, शुक्रवार

कॅलेंडरची चौकट काढली. पडद्यावर चौकटीच्या जागी इंग्रजी एल, मग ओळीनं क्यू क्यू क्यू क्यू, शेवटी के. उभ्या रेघांच्या जागी एक्स. मॅन्युअल म्हणतं, टर्मिनलला रेघा काढता येतात. मॅन्युअल अमेरिकेचं, टर्मिनल आपलं. दिवस त्यात गेला.

घरी वसुंधरानं विचारलं, आज काय केलं? म्हटलं, चौकटीचा कोपरा. ती म्हणाली, एकच?

चहा सहा. उठलो साडेसातला.

२२ जानेवारी, बुधवार

चारही कोपरे जमले. चूक टर्मिनलच्या सेटिंगमध्ये होती, माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हे. सेटिंग मीच केलं होतं, पण ते घाईत.

संध्याकाळी मारोतराव आले. वसुंधराचे थोरले भाऊ, आमच्याच कारखान्यात भट्टीवर. बुधवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी, म्हणून येतात ते बुधवारीच. शैलाचं, त्यांच्या मुलीचं, लग्न जमलं. साक्षगंध २३ फेब्रुवारीला. मुलाकडचे नागपूरचे, रेल्वेतले, त्यांना रविवारच जमतो. मारोतराव हजेरीच्या टाइम ऑफिसात कारकून भैयालालकडे जाऊन रजिस्टरमध्ये रजा लिहूनही आले. महिनाभर आधी! मी त्यांना कॅलेंडरबद्दल सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, बरं. काही लोकांना कौतुक करता येत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आजची कल्पना माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीतली सर्वोत्तम. कर्सर रविवारवर थांबतच नाही. शनिवारवरून उडी, थेट सोमवार. सुट्टीच्या दिवशी रजा कोण मागणार? चूक व्हायची सोयच ठेवली नाही.

भैयालाल काही कामानं कंप्युटर रूममध्ये आला होता. बघून म्हणाला, "साहब, इतवार को भी तो..." मी त्याला तिथंच थांबवलं. ज्याचं रजिस्टर जाणार तो खोडा घालणारच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवसांचे तेवीस झाले. दर्जाला वेळ लागतो.

टाइम ऑफिसात टर्मिनल बसवलं. बाण दाबला, फॉर्म बंद. पुन्हा दाबला, पुन्हा बंद. दुपारी कारण सापडलं. बाणाच्या बटणातून तीन अक्षरं निघतात, त्यातलं पहिलं एस्केप. केबल लांबची, लाइन हळू. मागची दोन पोचेपर्यंत माझ्या विजेटला वाटतं, माणूस रद्द म्हणतो आहे. वर अख्खं कॅलेंडर उमटायला सोळा सेकंद. तेवढ्यात भैयालालनं रजिस्टरमध्ये दोघांच्या रजा लिहिल्या. मुद्दाम.

केबलवाल्याशी भांडलो. चहा मोजणं बंद केलं आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाण काढूनच टाकले. आता पुढे जायला जे, मागे यायला के. भैयालालच्या लक्षात राहत नाही, त्याला मी काय करू?

रजिस्टरमधल्या पुढच्या रजा मशीनमध्ये भरल्या. एकोणीस नोंदी कॅलेंडरनं घेतल्या नाहीत. बघतो तर सगळ्या रविवारच्या! इतकी वर्षं हा निष्काळजीपणा चालू होता आणि कोणाला पत्ता नाही. रजिस्टरमध्येच लाल पेन्सिलनं त्या खोडल्या, प्रत्येकीपुढे सही केली. नावं वाचत बसलो नाही. डेटा आता स्वच्छ.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्घाटन. नारळ, पेढे. माझ्या आग्रहावरून साहेबांनी सर्क्युलर काढलं. रजिस्टर बंद. दर शनिवारी चार वाजता मशीनमधून पुढच्या आठवड्याची यादी छापून प्रत्येक खात्यात जाईल. यादीत नाव असेल त्यालाच रजा. मग साहेब पंधरा दिवसांसाठी कलकत्त्याला गेले.

रजिस्टर कपाटात, किल्ली माझ्या खिशात. संकल्पातला तिसरा पूर्ण.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मारोतराव आले, पण चहाला नको म्हणाले. भैयालालनं त्यांना सांगितलं, मशीन रविवार घेत नाही, तुमचं नाव यादीत येणार नाही. मी म्हटलं, रविवारी तर सुट्टीच असते. दोघं बहीणभाऊ माझ्याकडे बघत राहिले.

भट्टी रविवारी विझवत नाहीत म्हणे. प्रत्येक बॅचची सुट्टी वेगळ्या वारी. हे जनरल शिफ्टवाल्याला कोणी सांगायला नको? वसुंधरा म्हणाली, मी दर बुधवारी दादाची भाकर टाकते, ते काय म्हणून?

मारोतराव एवढंच म्हणाले, "जवाई, नाव येईन ना?"

म्हटलं, एका तासाचं काम आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एका तासाचंच होतं. पण नुसता रविवार मोकळा करणं म्हणजे ठिगळ लावणं. त्यापेक्षा प्रत्येक बॅचचा सुट्टीचा वार ओळखणारं नवं कॅलेंडर लिहायला घेतलं. मारोतरावांचं नाव फाइलमध्ये हातानं घालता येतं, दोन मिनिटांत. वसुंधरानं नेमकं तेच विचारलं, "मंग कावून नाई घालत?" तिला कसं सांगू? ते अडाणी काम. कारागीर असलं करत नाही.

सध्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारी बत्तीस दिवसांचा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी सव्वातीन. फेब्रुवारी एकोणतीस दिवसांवर आणला. पण वार सरकले. तेवीस तारीख बुधवारी येते आहे.

चारला दहा कमी. वार बसले. रेघांच्या जागी पुन्हा क्यू क्यू क्यू. टर्मिनल बंद करून चालू केलं. आणखी वाईट.

चार वाजून दहा. फाइलमध्ये हातानं नाव घातलं. खरंच दोन मिनिटं लागली. यादी चारला छापून गेली होती. वेळ मीच ठरवलेली.

धावत भट्टीच्या फोरमनकडे गेलो. त्यांनी यादी दाखवली, मग माझंच सर्क्युलर दाखवलं. शनिवारी संध्याकाळी बदली माणूस कुठून आणू, म्हणाले. बरोबरच होतं. तरी राग आला.

२३ फेब्रुवारी, रविवार

साक्षगंध सकाळी साडेदहाला, मारोतरावांच्या घरी, भिलाई-३ ला. मारोतराव सहा ते दोन भट्टीवर. मुलीच्या बापाच्या पाटावर मी बसलो. नारळ मी दिला, मुलाच्या वडिलांना टिळा मी लावला. शैला माझ्या पाया पडली तेव्हा कुठे बघावं कळेना.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, पोरीच्या बापाले एक दिवसाची रजा नाई भेटत का? मी म्हटलं, कंप्युटरचा घोटाळा झाला. ते म्हणाले, कोन चालवते तो कंप्युटर? मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला.

पाहुणे दुपारच्या गाडीनं गेले. मारोतराव साडेतीनला आले, सायकल दामटत. शैलानं साडी बदलली नव्हती. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला, हात काळा होता, म्हणून आधी धुवायला गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "तुमच्या मशीनमंदी रविवार नव्हता, जवाई. आमच्या घरी होता."

आवाजही चढवला नाही. मला फार लाज वाटली. इथं लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब आले. टाइम ऑफिसातलं टर्मिनल काढून नेलं. सर्क्युलर मागे. कपाट मीच उघडून दिलं. साहेब म्हणाले, आता साधं करा. हो म्हटलं.

शैलाचं लग्न ३ मेला, रविवारीच. वसुंधरानं सकाळीच बजावलं होतं, दादाची रजा तुम्ही जाऊन लिहायची, आजच. भैयालालनं रजिस्टर पुढे सरकवलं. पानं उलटताना तेवीस फेब्रुवारी आली. मारोतराव, भट्टी. कारण, मुलीचं साक्षगंध. मंजूर. खाली फोरमनची सही. आणि त्या सगळ्यावरून लाल पेन्सिलची रेघ, शेजारी माझी सही, चांगली ठसठशीत.

रजा मिळालेली होती. महिनाभर आधी.

मे महिन्याचं पान काढून लिहायला लागलो. नाव, तिकीट नंबर, तारीख. भैयालाल वाकून वाचत होता.

"साहब, दिन भी लिख दीजिए."

लिहिला.