दंडारीतली राणी

सिंदेवाही, ११ ऑक्टोबर १९५४

ती. बाईस गुणवंतचा सा. नमस्कार.

इकडे क्षेम. तुझा वारलू मात्र माझ्या वर्गात मुका बसतो. त्याचा आवाज फुटला आहे. दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाटकात दरवर्षी हाच राणी होतो. आता कसं, या धास्तीने कुणाच्या तरी सांगण्यावरून मिरीचा काढा पीत होता. तोंड सोललं. मी काढा ओतून दिला. हा रोग नव्हे, मिशी येते तसाच आवाज उतरतो; देहात आणखी काय काय बदलतं, तेही समोर बसवून सांगितलं. त्याने विचारलं, "मामाजी, तुमचाई फुटला होता?" हो म्हटलं, तेव्हा जेवला.

भाऊजींना सांग, यंदा दुसरी राणी शोधा.

लोभ आहेच, वाढो.
गुणवंत


पिंपळखेडा, १६ ऑक्टोबर

रा. रा. गुणवंतराव यांस देवाजीचा रामराम.

दंडारीले गावोगावचे लोक येतात, ते राणी पाहाले. राणी काय बाजारात भेटते? पोराले नाई नाई ते शिकवलं. स्वतःले लेकरू नाई, अन् दुसऱ्याच्या लेकराले बाप्या करून राह्यले! दिवाळीले पाठवा. आवाजाचं मी पाहतो. राणी झाला नाई तर शाळा बंद. धान कापाले हात पाहिजेच.

आपला,
देवाजी


सिंदेवाही, १९ ऑक्टोबर

ती. भाऊजींस सा. नमस्कार.

टोला लागला. हट्ट पोराचा की माझा, हे स्वतःला विचारलं. खात्री होईना, म्हणून त्यालाच विचारलं. बाबांनी लुगडं नेसवलं तर नेसेन, म्हणतो. पण बोलेन ते याच आवाजात. मी त्याला घेऊन येतो आणि पुढेच बसतो. शाळा बंद केलीत, तर तुमच्या अंगणात येऊन शिकवीन. त्याला सांगितलं ते विचारतील त्या सगळ्या पोरांना सांगेन. माफी मागत नाही.

राग आणि लोभ, दोन्ही असू द्यावेत.
गुणवंत


पिंपळखेडा, ३ नोव्हेंबर

चि. गुणवंतास अ. आ.

तू पाहिलंसच. पहिल्याच बोलाला लोक हसले, शेजारच्या लटारूने शीळ घातली. पोरगा थांबला नाही. राणीने असं दरडावलं की प्रधानच आपले बोल विसरला. तू गेल्यावर शाळेचं मी यांना विचारलंच नाही. वारलूची पेटी भरून दाराशी ठेवली. हे तिला वळसा घालून जात-येत राहिले.

काल उभ्या धानात गुरं शिरली. गुराखी पार नाल्यापल्याड. हे मला म्हणाले, "वारलूले आवाज द्याले सांग. त्याचा दूर जाते."

वारलू उद्याच्या गाडीने शाळेला येतो आहे. तू आहेस तसाच राहा.

तुझी बाई,
रुखमा