आईने शिवलेला लाल शर्ट

मिंदानाओ, रविवार

प्रिय लुर्देस ताई,

आईचा हात कपाळाला लावून माझ्या वतीने तिला नमस्कार कर. मी मजेत आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

आमच्या पिस्तुल-स्पर्धा छान चालल्यात. मागच्या खेपेला इथल्या बड्या मळेवाल्याचा पोरगा राफी गोळ्या भरता भरता पिस्तूल घेऊन आमच्याकडेच वळला. मी पंच, "थांब!" ओरडलो आणि त्याला तिथेच बाद केलं. तो हसला. "बरोबर आहे दादा, चूक ती चूक," म्हणाला आणि सगळ्यांना भाजलेलं डुक्कर खाऊ घातलं. मीही खाल्लं.

त्यानंतर दोरीवर वाळत घातलेला माझा पंचाचा लाल शर्ट गेला. आज मैदानावर सापडला, पुठ्ठ्याच्या निशाण्याला घातलेला. छातीवर गोळ्यांची भोकं, आणि प्रत्येकावर नीट चिकटवलेली कागदी पट्टी. तू इथे आली होतीस तेव्हा पाहिलंस ना, भोकं मोजून झाली की आम्ही अशाच पट्ट्या लावतो, म्हणजे निशाणा पुढच्या माणसासाठी तयार.

"बेनिंग, जाऊन पाय धर राफीचे," दोस्त म्हणतात. चूक त्याची, पाय मी का धरू?

यंदा जत्रेला मुलांना आणू नकोस, ऊन फार आहे. आणि आईने शर्टाचं विचारलं, तर धुताना फाटला म्हणून सांग.

तुझा हट्टी भाऊ,
बेनिंग