वरच्या जॉइंटची गळती

ता. ४ जानेवारी १९४३, सोमवार. धुळे.

डोळे गेले म्हणून कापसाची जीन सोडली नाही मी. हात थरथरतात म्हणूनही नाही. मालकाने वाफेचं इंजिन भंगारात दिलं, तेलावरचं आणून बसवलं, त्याच्याजवळ उभं राहायला मन झालं नाही म्हणून सोडली. एकतीस वर्षं बॉयलरचे जॉइंट बांधले. एक फुटला नाही. बस.

आज दगडू दारात, डॉक्टरची मोटार घेऊन. धाकटा भाऊ माझा, नऊ वर्षं डॉ.कडे ड्रायव्हर. मोटार कसली, पेटीला चाकं. फटफट आवाज, पायापाशी धूर. म्हणतो, "नाना, मॅनिफोल्डचं गॅसकेट गेलं. मुंबईला लिहिलं तर लढाईपायी माल नाही म्हणतात. तू बघतोस का?"

त्यात बघायचं काय. इंजिनाच्या कुशीला एक ओतीव नळकांडं, त्याच्या आणि इंजिनाच्या मधे पॅकिंग. पॅकिंग जळालं की गळणार. बॉयलरला काय निराळं असतं.

अक्का ओट्यावरून, "पहिले चहा पी ले, मंग कर." मोठी बहीण, तिला सगळ्या गोष्टींच्या आधी चहा. नळकांडं सोडवायला घेतलं, चहा मग प्यालो.

ता. ५

दोन नट गंजलेले. रात्रभर रॉकेल पाजून ठेवले होते, सकाळी सुटले. नळकांड्याच्या वरच्या भोकांतून पेट्रोल-हवा आत जाते, खालच्यांतून जळका धूर बाहेर. दोन्ही एकाच ओतकामात. खालची बाजू तापून वाकलेली. पोलादी पट्टी लावून पाहिली, मधे नखभर उजेड.

द. म्हणे, "नाना, घासून सपाट करावी लागेल."

म्हटलं, लागत नाही. अशा वाकलेल्या फ्लँजला, जोडाच्या तोंडाला, आम्ही जीनमधे दुहेरी पॅकिंग घालत होतो. जीनमधून आणलेला अस्बेस्टॉसचा तुकडा होताच. काजळी लावून ठसा घेतला, हातोडीने कडेकडेने ठोकून भोकं पाडली. वर एकेरी, खाली दुहेरी. बारीक फटी बुजाव्यात म्हणून सफेदा फासला. जोर मिळावा म्हणून पान्याला नळी अडकवून नट आवळले.

द. बघत उभा. एकदा म्हणाला, "खाली जाड झालं तर वर..." म्हटलं, "तू गाडी चालव. जॉइंट मला शिकवू नको." पाना पुसून ठेवला त्याने.

चालू केली. फटफट बंद. धूर बंद. "मानलं नाना," म्हणाला आणि गेला.

ता. ९

द. आला, तोंड पाडून. डॉ.ला साक्रीच्या बाजाराला नेलं होतं, दर आठवड्याला तिथे पेशंट तपासतात. गाडी ओढत नाही. नेर गावाच्या पुढच्या चढावर डॉ.ला उतरून पायी चालावं लागलं. थांबवली की बंद पडते. चोकची तार ओढून ठेवावी तेव्हा कशीबशी चालते, आणि मग पेट्रोल पाण्यासारखं पिते. कार्बुरेटरमधून शिंका.

जॉइंटवरून हात फिरवला. टिपूस नाही, फुसफुस नाही. म्हटलं, माझं काम चोख आहे, कार्बुरेटर साफ कर.

"केला."

"परत कर."

ता. १४. संक्रांत.

डॉ. स्वतः घरी आले. अक्काने तिळगूळ दिला. म्हणाले, पेट्रोलची कुपनं निम्म्या महिन्यात संपायला आली, असं कधी झालं नाही. "नाना, तुमचा जॉइंट ठीक आहे ना?"

"एकतीस वर्षांत माझा जॉइंट गळला नाही."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

"मग पेट्रोलच बघा," म्हटलं. "हल्ली पेट्रोल बाहेर जातं आणि टाकीत रॉकेल येतं. गावात काय चाललंय, तुम्हाला माहीत नाही का."

इतकंच. दगडूचं नाव घेतलं नाही. कोणाचंच घेतलं नाही.

डॉ. तिळगूळ हातात धरून बसले. तसाच घेऊन गेले.

ता. १९

डॉ.नी द.ला काढला. दवाखान्यासमोर, पेशंटांदेखत किल्ली मागून घेतली. रॉकेल घालतोस, पेट्रोल विकतोस, म्हणाले. द.ने टाकीचं झाकण उघडून म्हटलं म्हणे, वास घ्या. कोणी घेतला नाही.

अक्का सकाळपासून एकच. "तो तुना भाऊ शे, चोर नही. डॉक्टर तुनं ऐकस. जाय, सांग त्याले."

म्हटलं, मला मधे पडायचं नाही.

मधे मीच होतो, हे तिला ठाऊक नाही. संक्रांतीला ती आत चूल फुंकत होती.

ता. २३

द. निरोप घ्यायला आला. बायकोला भडगावला माहेरी सोडून जळगावला जाणार. पलटणीत लॉरीवर ड्रायव्हर भरती चालू आहे. धुळ्यात आता कोणी गाडी हातात देत नाही. दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीही आधी टाकीकडे पाहिलं म्हणे.

पाया पडला. मग उभ्याउभ्या, "नाना, डॉक्टरच्या डोक्यात हे कोणी घातलं असेल?"

"मोठ्या माणसांच्या डोक्यात आपोआप येतं."

"नऊ वर्षं नाही आलं."

अक्काने भाकरी बांधून दिली.

ता. ३०. शनिवार.

डॉ. स्वतः गाडी घेऊन आले. घेऊन कसले, दोन माणसं मागून ढकलत होती. घामाघूम.

"टाकीला कुलूप लावलंय नाना. पेट्रोल मी माझ्या हाताने ओततो. दहा दिवस झाले. तरी तेच."

बॉनेट उघडलं. चोक ओढून चालू ठेवली. मी विडी पेटवून मडगार्डला टेकलो. डॉ. ओरडले, "अहो, पेट्रोल आहे तिथे." विडी टाकणार, तेवढ्यात पाहिलं. धूर वर जात नव्हता. नळकांड्याच्या वरच्या कडेला सरळ रेघेत, सुतासारखा, आत जात होता.

विडी पायाखाली विझवली. तेलाच्या कुपीने त्या फटीवर दोन थेंब सोडले. इंजिन लगेच सुधारलं, चार श्वास नीट घेतले. तेल आत ओढलं गेलं, परत अडखळायला लागलं.

एकतीस वर्षं जे जे गळलं ते बाहेर आलं. पांढरं, ओरडत. आंधळ्यालाही कळावं असं. हे आत ओढतं. नको ती हवा पेट्रोलमधे घुसते, म्हणून ओढत नाही, म्हणून शिंकते, म्हणून चोक, म्हणून पेट्रोल. ना आवाज, ना धूर. मी हात फिरवून काय शोधत होतो तर वाफ.

आणि फट का, तेही तिथेच कळलं. ओतकाम एकच. खाली दुहेरी घातलं की वरचं तोंड तेवढं उचलणारच. वरचं पॅकिंग दाबलंच गेलं नव्हतं. पाच तारखेला द. हेच म्हणायला लागला होता.

डॉ.कडे गाडीचं इंग्रजी पुस्तक. पानं उलटून म्हणाले, "हो, हे आहे यात, वरची गळती अशीच तपासायची." म्हटलं, पुस्तक ठेवा. गाडी इथेच राहू द्या.

ता. १ फेब्रु.

दोन दिवस लागले. जुनं पॅकिंग छिन्नीने खरवडून काढलं, इंजिनाकडचंही. पहिल्यांदा तिकडचं अर्धं तसंच सोडलं होतं, हेही लिहून ठेवतो. जाड काचेवर शेंदूर-तेल लावून नळकांडं त्यावर घासायचं. जिथे शेंदूर लागेल तो उंचवटा, तिथे कानस. परत घासायचं. काल दिवसभर हेच. आज दुपारी खाली-वर सगळीकडे सारखा शेंदूर उमटला. मग एकाच तुकड्याचं, एकेरी पॅकिंग. नट मधून सुरू करून कडेकडे, थोडे थोडे. गाडी तापवली, थंड केली, परत आवळले. नळीबिळी नाही, हातानेच.

चोक आत ढकलला. चालली. शिवणाच्या मशीनसारखी.

संध्याकाळी डॉ. "नाना, दोष कुठे होता?"

"पॅकिंगमधे."

"कोणत्या? तुम्ही घातलेल्या?"

"हो."

चष्मा काढून पुसायला लागले. "म्हणजे दगडूचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्ही तर म्हणाला होता, पेट्रोल बघा."

चिंधीला हात पुसत राहिलो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

त्यांनी तिथेच दगडूला चिठ्ठी लिहिली, कामावर परत ये. म्हणाले, तुम्ही स्वतः घेऊन जा, किल्ली खुंटीला आहे म्हणून सांगा.

ता. ४. जळगाव.

चाळीसगावला गाडी बदलून आलो. द. स्टेशनबाहेर चहाच्या दुकानात, पलटणीत निघालेल्या तिघांबरोबर. नाव लागलं आहे. सोमवारी दुपारी डॉक्टरी तपासणी. पास झाला की सही, आणि मग सरकार नेईल तिकडे. एकजण बसरा म्हणत होता, एकजण ब्रह्मदेश.

चिठ्ठी वाचली. "गैरसमज झाला म्हणतात. कोणाचा?"

म्हटलं, जॉइंट माझा चुकला. खाली दुहेरी घातलं, वर फट राहिली.

हसला. "ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं नाना. तेल टाकून बघितलं मी."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलंस? किल्ली मागितली तेव्हा तरी?"

"नानाचं काम वाईट आहे असं परक्याला सांगू? तेही चार माणसांत?"

मला म्हणाला असता तर. म्हणालाच होता. मी गप्प बसवलं.

बाकीचे तिघे उठून गेले. मग तो म्हणाला, "येतो मी. मला काय पलटणीची हौस नाही. पण एक. रॉकेलचं डॉक्टरला ज्याने सांगितलं त्याचं नाव डॉक्टरने माझ्या तोंडावर सांगावं. त्याच गावात मला गाडी चालवायची आहे, तो कोण हे न कळता मी चालवणार नाही. सोमवारी तपासणीच्या आत निरोप आला तर जात नाही."

इथेच सांगता आलं असतं. डॉ.पर्यंत जायची गरज नव्हती. समोर बसला होता, हातभर अंतरावर.

"चहा गार झाला तुझा," म्हणाला. दुसरा मागवला, त्यानेच.

स्टेशनवर मला डब्यात बसवून दिलं. खिडकीपाशी जागा करून दिली.

ता. ६. धुळे.

डॉ. साक्रीहून येताना थांबले. चढावर उडत गेली म्हणाले. नेरला एकदाही चोक नाही. मग, "दगडू काय म्हणाला?"

"विचार करतो म्हणाला."

"काही अट वगैरे?"

"अट कसली."

चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी काही विचारत नाही नाना. पण त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." गाडी सुरू करून गेले. आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला. चांगला होता.

ता. ८. सोमवार.

अक्का सकाळी, "जळगावले काय बोलना तो? कधी येस?" मी चपला शोधायला लागलो. तिने परत विचारलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि दळायला बसली. मला वाटतं तिला कळलं.

तार ऑफिसात जाऊन आलो. फॉर्म घेतला. दगडूचं नाव, जळगावचा पत्ता लिहिला. खाली त्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, ते दोनच शब्द होते, माझं नाव आणि एक क्रियापद. मागे रांग होती, तारबाबू म्हणाला, आबा, लिहा नाहीतर बाजूला व्हा. बाजूला झालो. फॉर्म खिशात आहे. आता साडेदहा. तपासणी दुपारी आहे. ऑफिस उघडं आहे.

जॉइंटचं जे होतं ते वर लिहिलं आहे, कोणाला काम पडलं तर बघावं. दगडूचं मला कोणी विचारू नये. मी यावर आणखी एक अक्षर लिहिणार नाही.